मदत हवी आहे: इक्थिओसॉरचं पिल्लू जन्मताना बाहेर आलं की आई मेल्यावर?

विज्ञान प्रदर्शनाच्या फलकासाठी इक्थिओसॉरवर (नामशेष झालेले समुद्री सरपटणारे प्राणी) मजकूर लिहितेय आणि एका जागी अडलेय. जर्मनीतल्या होल्झमाडेनच्या, स्टेनोप्टेरिजियस या इक्थिओसॉरच्या प्रसिद्ध जीवाश्मात पिल्लू शेपटीकडून बाहेर येताना दिसतं. चीनमधल्या, सुमारे 24.8 कोटी वर्षांपूर्वीच्या चाओहूसॉरस या इक्थिओसॉरमध्ये मात्र डोकं आधी (हे 2014 साली प्रसिद्ध झालं). पोटातली पिल्लं म्हणजे गिळलेलं भक्ष्य नव्हे, हे पटलंय. हाडं त्याच जातीची आणि जठररसाने झिजलेली नाहीत, तेव्हा तो वाद नको. अडचण वेगळीच आहे. मेलेली मादी कुजताना साठलेल्या वायूच्या दाबानेही गर्भ बाहेर ढकलला जाऊ शकतो ना? मूळ नमुने पाहणं शक्य नाही, हाताशी फक्त फोटो आहेत. त्यांत हाडांच्या मांडणीत नेमकं काय पाहून खरं बाळंतपण ओळखायचं?