सवाईतला एक दिवस : तुम्ही कसा घालवता?

डिसेंबर तोंडावर आलाय, कपाटातल्या शाली उन्हात पडल्यात. कोण कसं गायलं याची समीक्षा वर्तमानपत्रांत येईलच, ती इथे नको. पुण्यात दर डिसेंबरात होणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवातला, म्हणजे आपल्या 'सवाई'तला, तुमचा दिवस सांगा. कुठे बसता, काय खाता, कुठला राग कोणत्या वेळी ऐकलात? जुन्या जागेचे रमणबागवाले आणि आताच्या जागेचे मुकुंदनगरवाले, दोघांनीही लिहा. भांडलात तरी चालेल, सुरात भांडा.

जुनी रमणबागकर
आमच्या वेळी दिवस नव्हताच, रात्र होती. जेवणं उरकून, थर्मास भरून रमणबागेच्या मैदानावर सतरंजी टाकायची. पोरं मांडीवरच झोपायची. मध्यरात्र उलटली की दरबारी, पहाटे ललत नाहीतर तोडी, आणि शेवटच्या सकाळी भीमसेन जोशी. गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 मध्ये त्यांनीच हा उत्सव सुरू केलेला, त्यामुळे यजमानही तेच. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर ही त्यांची गुरुभावंडं गायला बसली की घरचं कार्य असल्यासारखं वाटायचं. पुढे ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची वेस पडली आणि आमची पहाट गेली. आता तोडी ऐकायची ती घरी, कुकरच्या शिट्ट्यांच्या साथीने.

मुलतानीवेडा
काकू, पहाट गेली हे खरं, पण त्या बदल्यात दुपार आली की! एरवी मैफल म्हणजे संध्याकाळी सहानंतर. यमन, पूरिया कल्याण, बागेश्री ऐकून ऐकून कान भरलेत. भीमपलास आणि मुलतानी वेळेवर, समोर बसून ऐकायला मिळणार कुठे? मी ऑफिसातून अर्धी रजा टाकतो ती त्यासाठीच. एका वर्षी ऊन मांडवाच्या कनातीवर असतानाच मुलतानी लागला. तीव्र मध्यमावरून कोमल गंधारावर येणारी ती ओढ गायकाने इतकी लांबवली, की माझ्या शेजारचे आजोबा सुडोकू अर्धवट टाकून ताठ बसले. रात्रीच्या रागांचं दुःख मात्र मलाही आहे. शनिवारी बारापर्यंत परवानगी असली, तरी मालकंस जरा रंगतोय तोच सगळे घड्याळाकडे बघायला लागतात.

तंबोऱ्यामागची
मी गुरूंच्या मागे तंबोऱ्यावर बसले होते, म्हणजे दिवसभरातला निम्मा वेळ ग्रीनरूममध्ये गेला. त्या दिवशी मारवा राग ठरलेला. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून एरवी पंचमाला लागणारी पहिली तार निषादाला लावायची. आत तंबोरा असा लागला होता की काय सांगू! मंचावर आलो, अंगावर दिव्यांचा उबारा, बाहेर गार हवा, आणि जोडीच्या तारा हलल्या. हजारो माणसं बघताहेत आणि मी सूर जुळवायचे मणी सरकवतेय, तारेखालचा जवारीचा दोरा केसभर पुढे-मागे करतेय. गुरू शांतपणे पाठमोरे बसून होते. जवारी, म्हणजे तारांचा गुंजारव, उघडली तेव्हा त्यांनी फक्त मान डोलावली. पुढचं गाणं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. तंबोऱ्यावर बसलेल्याला मैफल ऐकता येत नाही हो, षड्ज तेवढा ऐकू येतो.

बायकोबरोबर येणारा
मला त्यातलं काही कळत नाही, हे आधीच सांगतो. पण अनुभव माझाही आहे. संथ लयीतलं विलंबित सुरू झालं की स्टॉलवर रांग नसते; गरम बटाटेवडा, मग साबुदाण्याची खिचडी, कॉफी, मग जुन्या गायकांच्या फोटोंचं प्रदर्शन, आणि जलद लयीतलं द्रुत सुरू व्हायच्या बेताला परत खुर्चीत. तराणा मला आवडतो. तबला-सतारीची सवाल-जवाबी त्याहून जास्त. माझी तक्रार एकच : पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी फोन डोक्यावर धरून अख्खी बंदिश चित्रित केली, आणि गायक मला त्यांच्या स्क्रीनमध्ये दिसला.

भारतीय बैठक
खुर्चीवाल्यांना फोन दिसतात, आम्हाला खाली गुडघे दिसतात. तीन तास मांडी घालून बसल्यावर पाय आपले राहत नाहीत. पण इथे 'क्या बात है' शेजाऱ्याच्या कानाशी म्हणता येतं, आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून हसतात. डब्यातल्या वड्या फिरतात. शेवटच्या दिवशी सवाई गंधर्वांची भैरवीतली ध्वनिमुद्रिका लावतात, तेव्हा पार्किंग गाठायला पळणाऱ्यांचा मला राग येतो. अहो, ज्यांच्या नावाने जमलात त्यांचं चार मिनिटं ऐका की!

लहान मुलाची आई
पोराला आणावं का? ऐकेल तासभर, पुढचा भरवसा नाही. आणि गाडी लावायला जागा मिळते का?

धागाकर्ती
आणा. कडेला बसा, म्हणजे कंटाळला की उठता येईल. शक्यतो वाद्यवादनाच्या वेळी आणा, तबल्याला मुलं टिकतात. गाडी आणू नका. स्वारगेटपर्यंत मेट्रोने या, तिथून मुकुंदनगरला रिक्षा करा. आणि स्वेटर घ्या, आठनंतर मैदानात चांगलंच गारठतं.