लाल छत्रीखालची एलेना: हा रुबाब तिचा की घराण्याचा?

धागा
वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत फ्लेमिश चित्रकार अँथनी व्हॅन डाइकनं १६२३ साली इटलीतल्या जिनोव्हात रंगवलेलं एलेना ग्रिमाल्दी कात्तानेओचं व्यक्तिचित्र आहे. उंची जवळपास अडीच मीटर. चित्रकारानं नजर इतकी खालून लावली आहे की आपली मान आपसूक वर होते. पोशाख काळा, तेव्हाची ही स्पॅनिश दरबारी चाल, आणि गडद काळा रंग महागडा. लाल रंग दिसतो तो मनगटांवर, आणि मग एकदम डोक्यामागच्या छत्रीत. नजर हातांवरून थेट चेहऱ्याकडे जाते. त्या काळी बाईची हुकमत इतक्या उघडपणे दाखवलेली मला दुसरीकडे दिसली नाही.

प्रतिसाद १
असहमत. तिच्या हातात संत्र्याच्या मोहोराची डहाळी आहे, म्हणजे लग्नाची खूण. त्याच वर्षी व्हॅन डाइकनं तिच्या दोन मुलांचीही चित्रं काढली. ती तिन्ही एकत्र बघा: सून, मुलगा, मुलगी. वंश पुढे चालला आहे, एवढंच ती सांगतात. दुसरा फ्लेमिश चित्रकार रुबेन्स, त्यानं रंगवलेली जिनोव्हाचीच ब्रिजिदा स्पिनोला दोरिया आठवा. लग्न १६०५ चं, चित्र १६०६ चं. पांढऱ्या साटीनच्या प्रत्येक चुणीत सासर-माहेरचा पैसा चमकतोय. ती स्वतः कोण होती, ते मला त्यात सापडत नाही.

प्रतिसाद २
छत्री कोणी धरली आहे, याबद्दल दोघंही गप्प आहात! मागे एक आफ्रिकी तरुण सेवक उभा आहे. आपल्याकडे अब्दागीर धरणारा असे, तसाच. एलेना आपल्याकडे बघते, तो तिच्याकडे. तिचं नाव गॅलरीच्या पाटीवर आहे, त्याचं नाही. तिचा मोठेपणा त्याच्या उंचावलेल्या हातावर तोललेला आहे. आधी त्याबद्दल बोलू या.

धागाकर्ती
सेवकाचा मुद्दा मान्य, आणि तो मी पहिल्यांदाच मांडायला हवा होता. पण @प्रतिसाद १, जिनोव्हा हे प्रजासत्ताक होतं. तिथला दोजे, म्हणजे निवडलेला राज्यप्रमुख, दर दोन वर्षांनी बदलायचा. राजा नाही, कायमचं सिंहासन नाही. स्पेनच्या राजाला कर्ज देणाऱ्या या घराण्यांची पत नात्यागोत्यांवर उभी होती, आणि ती नाती बायकांमुळे जुळत. एलेना ग्रिमाल्दींची लेक. चित्राच्या नावात आजही तिचं माहेर आहे. तिला नुसती शोभेची कशी म्हणता?

प्रतिसाद १
शोभेची म्हणत नाही, दुवा म्हणतो. दुव्याला मान असतो, पण तो जोडलेल्या दोन टोकांमुळे. तिचा चार वर्षांचा मुलगा फिलिप्पो कुत्र्याच्या पिल्लाला घेऊन उभा आहे ते चित्र बघा. त्याला डहाळी धरायला लावलेली नाही.