नळाच्या पाण्याची जिवाणी कुठे सोडायची?

प्रश्न: आम्ही जैन, दादरला फ्लॅट. नळाला कायमचं गाळणं बांधलंय, चालेल ना? आणि जिवाणी, म्हणजे गाळल्यावर कापडात उरलेले सूक्ष्म जीव, त्यांचं काय?

उत्तर १: कायमचं नको. कापड ओलं राहतं, त्यातच जीव होतात. जाड सुती कापड दुहेरी घ्या. गाळल्यावर पिळू नका, पिळण्यातच हिंसा. उलटं करून गाळलेल्याच पाण्याने हलके धुवा, मग वाळवा.

उत्तर २: मुदत विसरू नका. गाळलेलं पाणी ४८ मिनिटं, मग पुन्हा गाळायचं. उकळलेलं दिगंबरांत २४ तास. श्वेतांबरांत पावसाळ्यात ३ प्रहर, हिवाळ्यात ४, उन्हाळ्यात ५.

उत्तर ३: जिवाणी मूळ विहिरीत सोडायची असते. नळाचं पाणी धरणांतून येतं, तिथे तानसा-भातसाला कोण जाणार! निदान साबण-फिनेलच्या मोरीत तरी ओतू नका.