मदत हवी आहे : सोलापुरातल्या मुलांशी हवामान बदलावर कसं बोलावं?

नमस्कार मंडळी. जुळे सोलापूर भागात आम्ही काही जण नववी-दहावीच्या मुलांचा रविवारचा गट चालवतो. यंदा विषय घेतलाय हवामान बदल, आणि तिथेच अडकलोय.

ध्रुवावरचं अस्वल, वितळणारा बर्फ दाखवला की मुलं ऐकतात, पण पुढे प्रश्न विचारत नाहीत. २०२४ हे वर्ष जगाच्या औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरी तापमानापेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त गरम होतं, हे सांगितलं तर एक जण म्हणाला, "सर, आपल्याकडं तर मे महिन्यात ४३-४४ असतंयच की, दीड अंशानं काय होतंय?" प्रश्न अगदी रास्त आहे. सरासरी आणि रोजचं तापमान यांतला फरक सोप्या मराठीत, जमलं तर एखाद्या प्रयोगातून कसा समजवावा?

सप्टेंबर २०२५ चा सीना नदीचा पूर मात्र सगळ्यांना आठवतो. काहींचे नातेवाईक माढा-मोहोळकडचे आहेत. तिथून सुरुवात करावी असं वाटतं. गरम हवेत बाष्प जास्त मावतं, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा जोरात कोसळतो, हे त्यांना पटेल. पण एकाच पुराचं सगळं खापर हवामान बदलावर फोडणं मला बरोबर वाटत नाही. तुम्ही हे कसं मांडता?

सोलापूरच्या तापमान-पावसाच्या जुन्या नोंदी कुठे मिळतील? यंत्रमाग कारखान्यात पत्र्याखाली काम करणाऱ्या पालकांशी मुलांनीच उन्हाबद्दल बोलून नोंदी कराव्यात, असंही मनात आहे. असं कुणी केलं असेल तर प्रश्नावली पाठवाल का? मुलं घाबरून जाऊ नयेत, एवढं मात्र जपायचंय.