दगा की फितुरी?

एक अद्भुतकथा लिहितेय. बारा तरुण योद्धे, सात कसोट्या, शेवटी एकालाच सेनापतीची तलवार. चौथ्या कसोटीत कडा चढताना नायिकेचा जोडीदारच तिचा दोर कापतो. याला फितुरी म्हणावं की गद्दारी? आणि 'महत्त्वाकांक्षे'ला जरा कमी पुस्तकी शब्द मिळेल का?

— फितुरी नको. फितूर व्हायला आधी एक बाजू लागते आणि पलीकडून फितवणारा कोणीतरी. किल्लेदार फितूर होतो, साक्षीदार फितूर होतो. तुमच्या पोराला कोणी फितवलेलं नाही, त्याने स्वतःच्या हिशेबाने दोर कापलाय. हा दगा. दग्याला फक्त विसंबलेला माणूस पुरतो. म्हणून तर पाऊस दगा देतो, गड उतरताना गुडघाही दगा देतो; गुडघा फितूर झाला असं कोणी म्हणत नाही. गद्दारीला धनी किंवा राज्य लागतं, शिवाय हल्ली तो शब्द वाचला की डोळ्यांसमोर प्रचारसभेचा माइकच येतो.

— मग शल्य कोण? दुर्योधनाच्या पाहुणचारात अडकून कौरवांकडे गेला, आणि कर्णाचं सारथ्य करताना त्याचा तेजोवध करीन असं वचन युधिष्ठिराला देऊन बसला. फितूरच की!

— अर्धाच. फितवला हे खरं, पण बाजू सोडली नाही. अठराव्या दिवशी कौरवांचा सेनापती म्हणूनच पडला. कर्णापुरता मात्र दगा. बाकी 'तेजोवध' तुमच्या कथेत चपखल बसेल: सुरी न काढता, शेजारी चढता चढता नुसतं बोलून समोरच्याचे हात गळवायचे.

— महत्त्वाकांक्षेऐवजी 'ईर्षा' बघा. संस्कृत 'ईर्ष्या' म्हणजे मत्सर. मराठीत 'ईर्षेने खेळला' म्हटलं की कौतुकच असतं. 'जिद्द'चंही तसंच, हिंदीत जिद म्हणजे हट्ट. पण जिद्दीत दुसरा माणूस लागत नाही, ईर्षेत लागतो. तुमच्या पोराचं सगळं दुखणं तिथेच आहे.

— एक राहिलंच. कड्यावर दोर कापला की मराठी वाचकाला सिंहगड आठवणार. १६७० च्या त्या लढाईत सूर्याजीने दोर कापल्याची गोष्ट शाळेपासून डोक्यात आहे, आणि 'परतीचे दोर कापले' म्हणजे आपल्याकडे निर्धार! तुमचा दगाबाज फुकटात शूर ठरेल.

— हे लक्षातच आलं नव्हतं. बदललं: आता तो दोर कापत नाही, वरची गाठ सोडतो. तिनेच त्याला शिकवलेली.