मदत हवी आहे : हे सर रॉबर्ट पील नक्की किती?

कावळाकाका : वंशावळीचा तक्ता उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचाय आणि काही केल्या जुळत नाहीये, जाणकारांनी पटकन सांगा. एकीकडे कापडगिरणीतल्या पोरांसाठी कायदा आणणारे सर रॉबर्ट पील, दुसरीकडे लंडनचे पोलीस उभे करणारे, तिसरीकडे आयर्लंडचे मंत्री, आणि एक तर थेट दुसऱ्या महायुद्धात गेलेत. सगळीकडे नुसतं ‘सर रॉबर्ट पील, बॅरोनेट’ (म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारा ‘सर’चा किताब). ब्रिटनचा पंतप्रधान कोणता आणि बाकीचे त्याचे कोण? विकीची लिंक देऊ नका, तीच बघून डोकं फिरलंय.

नाशिककर : सालं टाका की राव. आणि तक्ता कशासाठी, शाळेच्या प्रोजेक्टला की कुठे छापायचाय?

कावळाकाका : कशासाठी त्याने काय फरक पडतो? गिरणीचा कायदा १८०२.

जुनाट_कागद : १८०२ म्हणजे बाप. जन्म १७५०, लँकेशायरात बरी गावाला सुती कापड छापायचे आणि सूत काढायचे कारखाने, १७९० पासून टॅमवर्थचा खासदार, १८०० मध्ये बॅरोनेट. गंमत म्हणजे स्वतःच्याच गिरण्यांत गरिबाघरची पोरं शिकाऊ म्हणून राबत होती, आणि कायदा यानेच आणला की त्यांना दिवसाला १२ तासांवर कामाला लावायचं नाही. पंतप्रधान तो याचा मुलगा, जन्म १७८८.
आता खूण सांगतो. बॅरोनेटचा मुलगा बाप जिवंत असेपर्यंत साधा मिस्टरच असतो. बाप मे १८३० मध्ये गेला. म्हणजे त्याआधीच्या कागदात ‘सर रॉबर्ट’ दिसला की बाप, ‘मिस्टर पील’ दिसला की मुलगा. लंडनचे पोलीस १८२९ चे, तेव्हा गृहमंत्री होता तो मिस्टर पीलच.

आत्याबाई : आमची लेक क्रॉयडनला असते, तिथले पोलीस फार सौजन्याने बोलतात हो. रस्ता चुकलो तर घरापर्यंत सोडलं.

घाटावरचा : बॅरोनेट म्हणजे लॉर्डच ना शेवटी. सरसकट लॉर्ड पील लिहा, मिटलं.

जुनाट_कागद : अजिबात मिटलं नाही. किताब पिढीजात असला तरी लॉर्ड्सच्या सभागृहात जागा मिळत नाही त्याने. पील दोन्ही वेळा, १८३४-३५ आणि १८४१-४६, कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहात, बसूनच पंतप्रधान होता. धान्यावरचे कर उठवताना स्वतःचा पक्ष फुटला, तोही तिथेच.

घाटावरचा : मग १९२२ चा भारतमंत्री लॉर्ड पील कोण? उगाच नाही बोलत मी.

रंकाळा : तो नातू. पंतप्रधानाचा धाकटा मुलगा आर्थर १८८४ ते १८९५ कॉमन्सचा स्पीकर, उतरताना व्हायकाउंट (लॉर्डांतला एक दर्जा) झाला. त्याचा मुलगा विल्यम दोनदा भारतमंत्री, १९२९ मध्ये अर्ल (त्याहून वरचा दर्जा). पॅलेस्टाइनची फाळणी सुचवणारं पील कमिशन याचंच.

एक्सेलवीर : नावं लिहूच नका, क्रमांक टाका, पहिला दुसरा तिसरा, आणि शेजारच्या कॉलमात मृत्यूचं साल. आमच्या घराण्याची मी अशीच केली, सगळे विष्णू आणि गणेश.

रंकाळा : हे बरोबर आहे. दुसरा म्हणजे पंतप्रधान, २९ जून १८५० ला लंडनच्या कॉन्स्टिट्यूशन हिल रस्त्यावर घोड्यावरून पडला, घोडा अंगावर आला, २ जुलैला गेला. तिसरा त्याचा थोरला, तुमचा आयर्लंडचा मंत्री (१८६१-६५. बापही १८१२ ते १८ त्याच खुर्चीवर होता, तिथे घोळ करू नका). हा उधळ्या. बापाने हौसेने जमवलेली चित्रं, त्यात रुबेन्सचं हॅटवालं बाईचं चित्रसुद्धा, १८७१ मध्ये नॅशनल गॅलरीला विकून मोकळा. चौथा १९२५ ला गेला. पाचव्याने नटी बिअॅट्रिस लिलीशी लग्न केलं, १९३४ ला वारला. त्यांचा मुलगा सहावा. ५ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी कोलंबो बंदरावर बाँब टाकले तेव्हा टेनेडॉस जहाजावर मेला तो हाच, जन्म १९२० चा.

घाटावरचा : मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय पण बॅरोनेट होते, १८५७. तिथे तर पुढच्या प्रत्येक वारसाने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचं असा कायदाच केला. त्यांची वंशावळ लावा मग कळेल.

कावळाकाका : कोणी विचारलं? सहाव्याला मूलबाळ नव्हतं तर किताब बुडाला ना? तक्ता तिथेच बंद करतो.

जुनाट_कागद : थांबा, बंद नका करू. पहिल्या बॅरोनेटचा पुरुष वंशज शिल्लक असेपर्यंत किताब बुडत नाही. थोरली पाती संपली, किताब आर्थरच्या पातीत गेला, म्हणजे १९४२ पासून जो अर्ल पील तोच बॅरोनेट. तिथून दोन रेघा एकत्र काढा.

कावळाकाका : हे आधीच सांगायचं ना. आणि कानपूरला पुरलेला कॅप्टन विल्यम पील?

रंकाळा : पंतप्रधानाचा तिसरा मुलगा, नौदलातला. व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक क्रिमियाच्या लढाईतलं. १८५७ ला शॅनन जहाजावरच्या तोफा उतरवून लखनौपर्यंत ओढत नेल्या, एप्रिल १८५८ मध्ये कानपूरला देवीच्या रोगाने गेला. त्याच्याखाली रेघ नको.

घाटावरचा : पंतप्रधानाचा सासरा जनरल फ्लॉइड टिपूविरुद्ध लढलेला, तोही बॅरोनेट. त्याची माहिती आहे माझ्याकडे, टाकू का?

कावळाकाका : सासरकडची नकोय.