आज २५ जुलै, आणि मेन स्विचला कुणीही हात लावू नये

*सी-२०१ ताई (सकाळी ७:०८)*
शुभ सकाळ 🙏 माहेरच्या ग्रुपवर आलंय, सगळ्यांनी वाचा.
"दिनविशेष, २५ जुलै. १९१९ : संगीतकार सुधीर फडके यांचा पुण्यात जन्म. १९६५ : अमेरिकन गायक बॉब डिलन यांनी जगात पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार वाजवली. १९८० : रॉक बँड एसी/डीसी यांचा 'बॅक इन ब्लॅक' अल्बम प्रकाशित. १९८४ : गायिका बिग मामा थॉर्नटन यांचे निधन."

*अध्यक्ष*
सर्व सभासदांना कळविण्यात येते की आज टाकी धुतली जाणार आहे. पाणी ११ नंतर येईल. बादल्या भरून ठेवाव्यात.

*बी-३०२ काकू*
पुण्यात???
ताई, बाबूजी कोल्हापूरचे. जन्म इथला, गाण्याचे पहिले धडे वामनराव पाध्यांकडे इथेच गिरवले. मूळ नाव राम. मुंबई, एचएमव्ही, प्रभात हे सगळं त्यानंतरचं. हे ज्यानं लिहिलंय त्याला या पावसात रंकाळ्याला तीन फेऱ्या मारायला लावा.

*डी-१०२ दादा*
मिसळ पळवली, आता बाबूजी पण 😡

*सी-२०१ ताई*
अहो मी फक्त फॉरवर्ड केलंय. मला कशाला रंकाळ्यावर पाठवताय 😅

*बी-३०२ नातू*
आज्जी, विषय हार्ड 🔥
त्यातलं डिलनचं पण चुकलंय. इलेक्ट्रिक गिटार १९३० च्या दशकापासून आहे. आणि डिलननं स्वतः मार्च १९६५ च्या अल्बममध्ये अर्धी गाणी बँड घेऊन इलेक्ट्रिकच केली होती. 'लाइक अ रोलिंग स्टोन' पण २५ जुलैच्या पाच दिवस आधी, २० जुलैला बाजारात आलेलं. २५ जुलैला काय झालं, तर न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार घेऊन स्टेजवर आला आणि पब्लिकनं हुर्यो केली.
आणि त्यांनी मेटॅलिका बँड विसरलाय!! पहिला अल्बम 'किल देम ऑल', २५ जुलै १९८३.

*बी-३०२ काकू*
हेच ते का रे, तू दार लावून ऐकतोस ते? दार लावून काही उपयोग होत नाही, एवढंच सांगते.

*ए-१०४ काका*
गुड मॉर्निंग. आत्ता बघितलं. डिलनचं मी सांगतो, कारण त्यात गिटारीपेक्षा स्पीकरचा विषय जास्त हाय, आणि माझी चाळीस वर्षं मांडवात वायरी वढण्यात गेली.
ते न्यूपोर्ट म्हणजे अमेरिकेत समुद्राकाठचं गाव. महोत्सव लोकगीतांचा. एक माणूस, एक साधी गिटार, गळ्यात अडकवलेलं माऊथ ऑर्गन. सगळा साऊंड त्या बेतानं लावलेला. डिलन त्यांचा लाडका. आणि तो त्या दिवशी आला ते ड्रम, ऑर्गन, माईक ब्लूमफिल्डची करवतीसारखी गिटार, सगळं घिऊन. रात्रीतनं सराव केलेला. आता एका माणसाच्या आवाजाला लावलेल्या सिस्टीमवर तुम्ही अख्खा बँड चढवला तर काय हुणार? गिटार पुढं, शब्द मागं. गाणाऱ्याचं तोंड हलतंय तेवढं दिसणार.
तीनच गाणी झाली आणि खाली उतरले. लोक वरडाय लागले. कोण म्हणतं इलेक्ट्रिक केलं म्हणून वरडले, कोण म्हणतं तीनच गाणी म्हटली म्हणून, कोण म्हणतं ऐकूच आलं न्हाई म्हणून. माझं मत तिसऱ्याला.

*डी-१०२ दादा*
काका, कुऱ्हाडीचं सांगा की.

*ए-१०४ काका*
व्हय, येतोय त्याच्यावर. पीट सीगर म्हणून तिथले बुजुर्ग गायक. आपल्याकडं शाहीर असत्यात तसे. ते बॅकस्टेजला भडकले. म्हणाले, कुऱ्हाड असती तर वायर तोडली असती. पुढं लोकांनी ती गोष्ट अशी फुगवली की म्हातारा कुऱ्हाड घिऊन पळतच सुटलेला. सीगरनीच नंतर सांगितलंय की राग इलेक्ट्रिक गिटारीचा नव्हता, आवाज फाटत हुता आणि एक शब्द कळत नव्हता, त्याचा हुता.
मला तो माणूस पटतो. शब्द कळत नसंल तर गाणं कशाला लावायचं.

*डी-१०२ दादा*
म्हणजे आपल्या अध्यक्षसाहेबांनी गेल्या गणपतीत केलं तेच 😂 खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!

*सी-४०३ वहिनी*
हसू नका. मेन स्विच पाडला तेव्हा मी लिफ्टमध्ये होते. हातात एकवीस मोदकांचं ताट. वीस मिनिटं. आरती झाली, प्रसाद झाला, आणि प्रसाद माझ्याजवळच.

*अध्यक्ष*
सदर विषयावर मागील सभेत दिलगिरी व्यक्त केलेली आहे. डॉल्बीचा आवाज मर्यादेबाहेर होता, पार्किंगचे पत्रे थरथरत होते. मी फक्त पार्किंगचा फ्यूज काढणार होतो, चुकून शेजारचा खटका पडला.

*सी-४०३ वहिनी*
दिलगिरी पोहोचली. मोदक गार झाले होते.

*बी-३०२ नातू*
काका, पुढचा भाग राहिला. लोक ओरडायला लागल्यावर डिलनला परत स्टेजवर पाठवला, साधी गिटार देऊन. माऊथ ऑर्गन लागत होतं ते 'ई' पट्टीतलं. त्यानं माईकवरून पब्लिकलाच विचारलं, कुणाकडे आहे का? आणि खालून स्टेजवर माऊथ ऑर्गन येऊन पडायला लागली. मग दोन गाणी म्हटली आणि गेला.
तेव्हाची ती इलेक्ट्रिक गिटार तो विमानात विसरला. पायलटच्या घरी कित्येक वर्षं पडून होती. २०१३ ला लिलावात ९ लाख ६५ हजार डॉलरला गेली.

*डी-१०२ दादा*
आणि आमच्यात केएमटीच्या बसमध्ये छत्री विसरली तर परत मिळत नाही.

*सी-२०१ ताई*
ही बिग मामा थॉर्नटन कोण?

*बी-३०२ नातू*
'हाऊंड डॉग' माहितीय ना, एल्विस प्रेस्लीचं? ते आधी तिचं. तिनं १९५२ ला रेकॉर्ड केलं, एल्विसनं १९५६ ला. त्याचं जगभर वाजलं. तिला त्या गाण्याचे ५०० डॉलर मिळाल्याचं ती सांगायची. गेली ती लॉस एंजेलिसमध्ये, एका भाड्याच्या खोलीत.

*बी-३०२ काकू*
बिचारी.
एकीचं नाव दुसऱ्यानं झाकलं. आणि आपल्याकडे लताबाईंनी स्वतःचं नाव स्वतःच झाकून ठेवलं होतं. भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं'ला संगीत कुणाचं, तर 'आनंदघन'. राज्य सरकारचा पुरस्कार जाहीर झाला, नाव पुकारलं, तरी कुणी उठेना. लताबाई तिथेच सभागृहात बसलेल्या! मग कळलं लोकांना. 'ऐरणीच्या देवा' त्यातलंच, शब्द आपल्या खेबुडकरांचे. तो चित्रपट पण १९६५ चाच. तिकडे डिलन वायरी जोडत होता आणि इकडे लोहाराचा भाता गाण्यात वाजत होता.

*अध्यक्ष*
काकू, माहिती उत्तम. परंतु ती २५ जुलैची नाही.

*बी-३०२ काकू*
अध्यक्षसाहेब, टाकी धुवायचा दिनविशेष पण कुठल्या पंचांगात नाही.

*ई-३०१*
😂😂😂

*ए-१०४ काका*
बाळा, ते एसी/डीसीचं काय ते सांग. नाव तर आपल्या धंद्यातलं हाय.

*बी-३०२ नातू*
त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० ला गेला. बाकीच्यांनी ब्रायन जॉन्सनला घेतलं आणि जुलैत अल्बम काढला. कव्हर पूर्ण काळं, दुखवट्याचं. पहिलं गाणं सुरू होतं घंटेनं, एकदम संथ टोले. त्यासाठी इंग्लंडात लफबरो गावात एक टनाची घंटा ओतून घेतली. आधी तिथल्या मनोऱ्यातली घंटा रेकॉर्ड करायला गेले होते, पण टोला पडला की आतले पक्षी उडायचे आणि टेपवर पंखांची फडफड यायची. मग नवी घंटा कारखान्यातच टांगून रेकॉर्ड केली.

*ए-१०४ काका*
ह्याला म्हणत्यात काम. घंटेचा आवाज घ्यायला सगळ्यात अवघड. टोल्याला मीटरची सुई पार टोकाला जाते आणि मागं रेंगाळणारा नाद माईकला सापडत न्हाई. आमी एकदा जोतिबाच्या यात्रेत प्रयत्न केलेला. निम्मी कॅसेट नुसती "चांगभलं".

*डी-१०२ दादा*
यात्रेत "चांगभलं" नाही तर काय येणार काका 😄 गुलाल पण आला असेल टेपवर.

*सी-२०१ ताई*
गीतरामायण पण याच तारखेचं का काकू? असं असेल तर मी माहेरच्या ग्रुपवर दुरुस्ती टाकते.

*बी-३०२ काकू*
नाही गं. गीतरामायण १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. एका रामनवमीपासून पुढच्या रामनवमीपर्यंत, आठवड्याला एक गाणं. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून गाणी बावन्नाऐवजी छप्पन्न झाली. माडगूळकर आणि बाबूजी दोघेही १९१९ चेच बरं का.
आणि रेडिओवर सगळी बाबूजींनी म्हटली नव्हती. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते. एकट्यानं पेटी घेऊन सगळं म्हणायचं हे पुढं रंगमंचावर सुरू झालं.
मी तेव्हा सात वर्षांची. मंगळवार पेठेत आमच्या बोळात एकच रेडिओ. ज्यांचा होता ते लोक गाण्याआधी त्याच्यावर हार घालायचे, उदबत्ती लावायचे. आम्ही पोरं उंबऱ्याबाहेर, आत जागा नसायची. पावसात खरखर वाढायची, अर्धा आवाज जायचा. तरी शब्द कळायचा. ‘सीता’ म्हटलं की ‘सीता’च ऐकू यायचं, त्याचा ‘शीता’ नाही की ‘चिता’ नाही. आई चुलीजवळ बसून ऐकायची, तीन घरं पलीकडून.

*ए-१०४ काका*
काकू, तेच म्हणालोय मी सकाळपासनं. तीन घरं पलीकडं, एका फुटकळ स्पीकरवर, पावसात. आणि शब्द कळतोय.

*सी-२०१ ताई*
मग आज संध्याकाळी खाली बाबूजींची गाणी ठेवूया का? सात वाजता, पार्किंगमध्ये. माझ्याकडे कराओके मशीन आहे.

*बी-३०२ काकू*
कराओके नको. पेटी आहे माझ्याकडे.

*ई-३०१*
कराओकेला काय झालं? सोपं पडतं.

*बी-३०२ काकू*
मशीन आपल्यासाठी थांबत नाही. बाबूजींच्या गाण्यात श्वास घ्यायला जागा लागते.

*बी-३०२ नातू*
आज्जी, मी गिटार आणू? एकाच गाण्याला. 'ज्योति कलश'. प्लीज. त्याचे सूर मी बसवलेत, भूप आहे ना तो.

*बी-३०२ काकू*
…दार लावून हे पण करत होतास होय?
आण. पण साधी. ती वायरवाली नको.

*बी-३०२ नातू*
साधी माझ्याकडे नाहीच 😬 वायरवालीच आहे.

*डी-१०२ दादा*
झालं. न्यूपोर्ट सुरू. कुऱ्हाड कुणाकडे आहे?

*ए-१०४ काका*
कुऱ्हाड नको न् काय नको. साऊंड मी लावतो. पाऊस हाय, पत्र्यावर आवाज येणार, म्हणून स्पीकर लोकांच्या बाजूला, उंच. माईक एकच, काकूंच्या तोंडापाशी. स्पीकर गाणाऱ्याच्या पाठीमागं, माईकच्या तोंडासमोर ठेवला की शिट्टी मारतोय, तसलं कोण करू नका. पोरा, तुझा अँप्लिफायर माझ्या पायाशी. तू आवाजाच्या बटणाला हात लावायचा न्हाई, मी लावणार. काकूंचा शब्द बुडाला की तुझा आवाज खाली.

*बी-३०२ नातू*
डन काका 🫡

*अध्यक्ष*
कार्यक्रमास हरकत नाही. वेळ ७ ते ९. चहा सोसायटीतर्फे. मेन स्विचच्या खोलीला आज कुलूप राहील, किल्ली सी-४०३ वहिनींकडे देण्यात येत आहे.

*सी-४०३ वहिनी*
मिळाली 😌

*डी-१०२ दादा*
पंचगंगेचं पाणी बघून येतो जाता जाता. २०२१ ला याच दिवसांत आपण सगळे गच्चीवर होतो.

*ए-१०४ काका*
नको ती आठवण. तवा माझा पेटाऱ्यातला निम्मा माल पाण्यात गेला.

*सी-२०१ ताई*
माहेरच्या ग्रुपवर दुरुस्ती टाकली. "जन्म कोल्हापूर" असं ठळक अक्षरात. मामांचं उत्तर आलं, "पुणे काय आणि कोल्हापूर काय".

*डी-१०२ दादा*
मामांचा नंबर द्या.

*अध्यक्ष (११:२२)*
टाकी धुवून झाली. मोटार चालू केली आहे.

*बी-३०२ काकू*
काका, एक काम होतं. पेटी काढून बघितली. पावसानं दमट झालीय, मधल्या सप्तकातला कोमल निषाद दाबला की खालीच राहतोय. सातच्या आत वर येऊन बघता का? स्क्रू ड्रायव्हर बारका आणा.

*ए-१०४ काका*
आलो. जेवून येतो.

*बी-३०२ काकू*
जेवायला इथेच या. आमटी आहे.